सर्व्हरची नोंदवही : सुरू होतानाची आणि बंद होतानाची

रोहा स्थानकात मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. पेणहून कासू, नागोठणे करीत आलेली गाडी येथे एका प्रशासनाकडून दुसऱ्याच्या स्वाधीन होते. गाडी पुढच्या टप्प्यात सोडण्यासाठी लगतच्या दोन स्थानकांचे स्टेशन मास्तर परस्परांना एक खासगी क्रमांक देतात आणि तो क्रमांक वेळेसह दोघेही आपापल्या रजिस्टरात लिहून ठेवतात, ही भारतीय रेल्वेची जुनी शिस्त आहे. एका ठिकाणची नोंद भिजली, हरवली अथवा कोणी खाडाखोड केली तरी दुसरीकडची शाबूत राहावी आणि दोन्ही ताडून पाहता याव्यात, एवढाच त्यामागील विचार. सिग्नल यंत्रणेची प्रत्येक हालचाल टिपणारे ‘डेटा लॉगर’ स्थानकांत बसविण्यात आले, तेव्हाही हाच विचार कायम राहिला. त्यांच्या नोंदी स्थानकात साठतात आणि दूरच्या मध्यवर्ती कक्षाकडेही जातात.

बँकेच्या किंवा कारखान्याच्या सर्व्हरची गरज याहून वेगळी नाही. सर्व्हर दिवसभर आपल्या कामाची रोजनिशी लिहीत असतो. कोण आत आले, कोणती सेवा सुरू झाली, कोणती अडखळली, डिस्कने कोठे तक्रार केली, हे सारे त्यात येते. या रोजनिशीला संगणकाच्या परिभाषेत ‘लॉग’ म्हणतात. एरवी ती कोणी उघडून पाहत नाही. तिची आठवण होते ती सर्व्हर अचानक बंद पडला किंवा पुन्हा सुरू होईना, तेव्हा. आणि नेमक्या त्याच मिनिटांच्या नोंदी सर्वांत कच्च्या असतात. सुरू होताना नोंद घेणारा कार्यक्रम अजून जागा झालेला नसतो, बंद होताना तो इतरांच्या आधी झोपी गेलेला असतो.

पेणची ओळख गणेशमूर्तींची आणि रोह्याची धाटावच्या औद्योगिक वसाहतीची. माहिती तंत्रज्ञानाची केंद्रे म्हणून या गावांकडे कोणी पाहत नाही. तरीही पतसंस्था, रुग्णालये, शासकीय कार्यालये आणि रासायनिक कारखाने यांचा व्यवहार आता सर्व्हरवरच चालतो. त्यात पावसाळ्यात वीज जाणे येथे नवीन नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर रायगड जिल्ह्यातील अनेक गावांत वीज पूर्ववत व्हायला कित्येक दिवस लागले. महानगरातील डेटा सेंटरमध्ये सर्व्हर बंद होणे ही अपवादात्मक घटना असते. तालुक्याच्या गावी ती नेहमीची बाब आहे, म्हणून सुरू-बंद होतानाच्या नोंदींचा प्रश्न खरे तर येथेच अधिक निकडीचा ठरतो.

पहिली काही सेकंदे

लिनक्सवर चालणारा सर्व्हर सुरू केला की सर्वप्रथम कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, कामाला लागतो. त्या क्षणी डिस्क जोडलेली नसते आणि नेटवर्कही नसते. कर्नेल आपले म्हणणे स्मृतीतील एका ठरावीक आकाराच्या गोल कप्प्यात लिहीत जातो. कप्पा भरला की नवी नोंद जुनीवर चढते. पुढे सिस्टिम-डी या प्रारंभ-व्यवस्थेचा जर्नल-डी हा नोंदकार जागा होतो, कर्नेलच्या कप्प्यातील मजकूर उचलतो आणि सुरू होणाऱ्या प्रत्येक सेवेचे बोलणे टिपू लागतो. ही व्यवस्था २०१० नंतर रूढ झाली. त्यापूर्वी सुरुवातीचे बरेच संदेश पडद्यावर चमकून नाहीसे होत आणि पुढे ते पाहण्याची सोय नसे.

मात्र जर्नल-डीचीही एक खोड आहे. सुरुवातीला तो ‘रन’ या कप्प्यात लिहितो आणि हा कप्पा डिस्कवर नसून स्मृतीत असतो. ‘व्हार-लॉग’ या कप्प्यात ‘जर्नल’ नावाचे दालन आधीच तयार असेल किंवा कायम साठवणुकीचा पर्याय स्पष्टपणे निवडलेला असेल, तरच नोंदी डिस्कवर जातात. तसे नसेल तर पुढच्या वेळी वीज गेली की मागचा सारा इतिहास पुसला जातो. सर्व्हर आदल्या रात्री का बंद पडला हे पाहायला बसलेल्या तंत्रज्ञाला फक्त आजचीच सकाळ दिसते. एका ओळीच्या बदलाने टळणारा हा प्रकार आहे. आणखी एक बारकावा : मूळ मांडणीत जर्नल-डी साधारण नोंदी दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या करतो, अतिगंभीर नोंदी मात्र तत्काळ. वीज एकाएकी गेली तर मधल्या मिनिटांचा भरवसा नाही. महत्त्वाच्या सर्व्हरवर हा अवधी कमी करणे शहाणपणाचे. डिस्कवर थोडा ताण वाढतो, पण तो परवडण्याजोगा असतो.

पोस्टकार्ड आणि पोचपावती

नोंद केवळ त्याच यंत्रावर ठेवणे पुरेसे नाही, हे संगणकक्षेत्राला फार पूर्वी उमगले. १९८०च्या दशकात अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल-कार्यक्रमासाठी ‘सिसलॉग’ ही पद्धत तयार केली. तिने एका यंत्राची नोंद दुसऱ्या यंत्राकडे धाडण्याची वाट रुळवली. जवळजवळ प्रत्येक राउटर, स्विच आणि फायरवॉल आजही सिसलॉग बोलतो. या पद्धतीचे पहिले लेखी वर्णन २००१ मध्ये आणि सुधारित प्रमाण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

सिसलॉगची मूळ वाहतूक यूडीपी या नियमाने, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर होते. यूडीपी म्हणजे साधे पोस्टकार्ड. पेटीत टाकले की जबाबदारी संपली, पोहोचले की नाही हे पाठविणाऱ्यास कधीच कळत नाही. सर्व्हर सुरू होत असताना नेटवर्क अजून तयार नसेल तर अशी पोस्टकार्डे हवेत विरतात आणि कोठेही तक्रार नोंदवली जात नाही. यावर टीसीपी हा उपाय सुचवला जातो आणि अनेकजण तेथेच निश्चिंत होतात. ही निश्चिंती अस्थानी आहे. टीसीपीमध्ये कार्यक्रमाने दिलेला मजकूर प्रथम स्वतःच्याच यंत्राच्या प्रतीक्षाकप्प्यात पडतो आणि ‘पाठवले’ असे उत्तर मिळते. पलीकडचे यंत्र त्याच क्षणी बंद पडले असेल, तर जोडणी तुटल्याचे कळेपर्यंत त्या कप्प्यातील काही संदेश वाया जातात. आर-सिसलॉग या सुप्रसिद्ध नोंद-कार्यक्रमाचे कर्ते रायनर गेरहार्ड्स यांनी हे दाखवून दिले आणि त्यावर ‘रेल्प’ नावाची पद्धत काढली. तीत पलीकडच्या नोंदकाराने प्रत्येक संदेशाची पोचपावती द्यावी लागते, आणि ती येईपर्यंत पाठविणारा आपली प्रत फेकत नाही. जोडणी तुटून पुन्हा जुळली तर एखादी नोंद दोनदा पोहोचते. त्यात वावगे काही नाही. दोनदा आलेली नोंद गाळता येते, न आलेली परत आणता येत नाही.

पोचपावतीइतकीच रांगही महत्त्वाची. दूरचा लॉग सर्व्हर उपलब्ध नसताना संदेशांचे काय करायचे? आर-सिसलॉगच्या मूळ मांडणीत दूर पाठविण्याचे काम अडले की ते काही काळ स्थगित होते आणि त्या काळातील संदेश टाकून दिले जातात. पुन्हापुन्हा, मर्यादा न ठेवता प्रयत्न करीत राहा, असे त्याला मुद्दाम सांगावे लागते. शिवाय रांग केवळ स्मृतीत न ठेवता डिस्कचा आधार दिलेली हवी, आणि बंद होताना उरलेली रांग डिस्कवर जपून ठेवण्याचा पर्यायही चालू हवा. तो नसेल तर सर्व्हर व्यवस्थित बंद केला तरी न पाठवलेले संदेश त्याच्याबरोबरच जातात. डिस्कवरील रांगेला आकाराची मर्यादा घालणेही विसरू नये. चार दिवस जोडणी नसल्यामुळे रांग फुगून सारी डिस्क भरली आणि त्यामुळे मुख्य सेवाच बंद पडली, असे व्हायला नको.

गावातील वीज परत आल्यावर आणखी एक गंमत घडते. सारी यंत्रे एकदम सुरू होतात आणि त्यांत लॉग सर्व्हर बहुधा सर्वांच्या मागून तयार होतो, कारण त्याच्या मोठ्या डिस्कची तपासणी लांबते. इतर यंत्रांचे सर्वांत मोलाचे संदेश त्याच वेळात निघून गेलेले असतात. पाठविणाऱ्याकडे रांग असेल तर या उशिराने काही बिघडत नाही.

उलटा क्रम

बंद होण्याचा क्रम हा सुरू होण्याच्या क्रमाचा उलटा असतो. सिस्टिम-डीमध्ये ‘नेटवर्कनंतर सुरू व्हावे’ असे एखाद्या सेवेला सांगितले, तर बंद होताना ती नेटवर्कच्या आधी थांबते. दूर नोंदी पाठविणाऱ्या कार्यक्रमाला हा क्रम लावून दिला नसेल, तर तो शेवटचे संदेश पाठवत असतानाच पायाखालचे नेटवर्क काढून घेतले जाते. तसेच ‘नेटवर्क’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन’ या दोन टप्प्यांत तंत्रज्ञांची नेहमी गल्लत होते. पहिल्याचा अर्थ जाळ्याची व्यवस्था पाहणारा कार्यक्रम जागा झाला इतकाच, तर जोडणी खरोखर जुळल्याची खूण दुसरा टप्पा देतो. नोंदकाराला दुसऱ्या टप्प्यासाठी थांबवून ठेवण्याचा मोह टाळावा. केबल तुटलेली असेल तर स्थानिक नोंदीही उशिरा सुरू होतात. नोंदकाराने लवकर उठावे, स्थानिक प्रत लगेच लिहावी आणि दूरची प्रत रांगेत ठेवावी, हेच बरे.

एवढे करूनही अखेरची काही सेकंदे उरतातच. नोंदकार थांबलेला असतो, लॉगची डिस्क सोडवून ठेवलेली असते, आणि कर्नेल शेवटची आवराआवर करीत असतो. सर्व्हर बंद होता होता अडकून बसला तर तो येथेच अडकतो, आणि डिस्कवर त्याचा मागमूसही राहत नाही. या सेकंदांसाठी वेगळे मार्ग आहेत. ‘नेटकन्सोल’ हा कर्नेलचा भाग आपले संदेश कोणत्याही नोंदकाराच्या मदतीवाचून थेट नेटवर्कवर सोडतो, पण तोही पोस्टकार्डच टाकतो. ‘पीस्टोर’ हा मार्ग कर्नेल कोसळतानाचा मजकूर वीज गेल्यावरही टिकणाऱ्या फर्मवेअरच्या जागेत ठेवतो, तो पुढच्या वेळी वाचता येतो. सर्वांत भरवशाचा मार्ग मात्र जुनाच आहे, तो म्हणजे सिरियल कन्सोल. चांगल्या प्रतीच्या सर्व्हरमध्ये मुख्य यंत्र बंद असतानाही जागा राहणारा एक छोटा देखरेख-संगणक असतो. तो सिरियल कन्सोलवरील मजकूर नेटवर्कवरून दुसरीकडे पोहोचवू शकतो आणि वीजपुरवठा, पंखे, तापमान यांच्या घटना स्वतःच्या वेगळ्या वहीत लिहितो. सर्व्हर विकत घेताना या सोयीसाठी पैसे मोजले जातात आणि नंतर तिची केबलही जोडली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

विंडोज सर्व्हरवर काही क्रमांक लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते. ६००५ म्हणजे नोंद-सेवा सुरू झाली, ६००६ म्हणजे ती रीतसर थांबली, ६००८ म्हणजे मागच्या वेळी यंत्र अनपेक्षितपणे बंद झाले होते. यंत्र कोणी व कोणत्या कारणाने बंद केले ते १०७४ सांगतो. ६००६ नसताना थेट ६००५ दिसला तर मधे वीज गेली किंवा कोणी बटण दाबले, असे समजायला हरकत नाही. सुरक्षा-नोंद पुसल्याची खूण ११०२, आणि सिस्टिम-नोंद पुसल्याची १०४.

न्हावा शेवा, जून २०१७

पुसण्याचा हा प्रश्न रायगड जिल्ह्याने जवळून पाहिला आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक कार्यक्रम युक्रेनमधून जगभर पसरला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज-कंपनी त्यात सापडली, आणि पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूह चालवीत असलेल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंटेनरची कामे हाताने उरकण्याची पाळी आली.

नॉटपेट्याची कार्यपद्धती या विषयाच्या दृष्टीने बोधक आहे. तो यंत्रात शिरल्यावर साधारण तासाभराने यंत्र पुन्हा सुरू करण्याची व्यवस्था करून ठेवी. त्याआधी विंडोजच्या सेटअप, सिस्टिम, सिक्युरिटी आणि ॲप्लिकेशन या चारही नोंदवह्या पुसून टाकी. यंत्र पुन्हा सुरू होताना डिस्क तपासली जात असल्याचा खोटा पडदा दाखवी आणि त्या पडद्याआड डिस्कची अनुक्रमणिका कुलूपबंद करी. म्हणजे हल्ल्याने निवडलेली वेळ नेमकी बंद होण्याची आणि सुरू होण्याची होती, आणि स्थानिक नोंद त्याच्या पहिल्या भक्ष्यांपैकी एक होती. पुसण्यापूर्वी दुसरीकडे गेलेली प्रत तेवढी वाचू शकत होती. पुढे मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. कंपनीच्या साऱ्या वापरकर्त्यांची ओळख सांभाळणाऱ्या यंत्रांपैकी घानामधील एकच बचावले. ‘वायर्ड’ मासिकाच्या २०१८ मधील वृत्तांतानुसार, हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेल्यामुळे ते नेटवर्कपासून तुटलेले होते!

दूरची प्रत ठेवणारे यंत्र इतरांच्याच वापरकर्ता-व्यवस्थेत, त्याच पासवर्डवर चालत असेल तर ते इतरांबरोबरच पडते, हा या घटनेचा दुसरा धडा. लॉग सर्व्हरचा पासवर्ड वेगळा, त्यावर प्रवेश मोजक्यांना, आणि आलेली नोंद वाढवता येईल पण बदलता येणार नाही अशी रचना हवी. पेणकरांना कोऱ्या किंवा खोट्या नोंदींची किंमत निराळ्या संदर्भात माहीत आहे. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेतील गैरव्यवहार उघडकीस आला आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. सर्व्हरचा लॉग असा गैरव्यवहार रोखू शकत नाही, कर्जखाते खरे की बनावट हे त्याला कळत नाही. पण कोणते यंत्र कोणत्या रात्री, कोणाच्या नावाने बंद करून पुन्हा सुरू केले, एवढे तो तपासणाऱ्यास सांगू शकतो.

घड्याळ, स्विच आणि अंतर

दोन वह्यांतील वेळा जुळत नसतील तर त्या ताडून पाहण्यात अर्थ नाही. सर्व्हर सुरू होताना वेळ घेतो ती मदरबोर्डवरील घड्याळावरून. त्याची छोटी बॅटरी संपलेली असली तर पहिल्या नोंदींवर भलतेच साल पडते, आणि मग नेटवर्कवरून खरी वेळ मिळाल्यावर घड्याळ एकदम उडी मारते. आणखी एक घोळ खास आपल्याकडे ठळकपणे दिसतो. लिनक्स हे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतो, विंडोज स्थानिक वेळेवर. एकाच यंत्रावर दोन्ही वापरले असतील तर सुरुवातीच्या नोंदी बरोबर साडेपाच तासांनी चुकतात. साडेपाच तासांचा फरक दिसला की हल्लेखोर शोधण्यापूर्वी हे तपासावे.

शासनानेही वेळेचा मुद्दा नियमात आणला आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, मिळवून ठेवायची आहेत. सर्व माहिती-प्रणालींचे लॉग १८० दिवस भारतीय अधिकारकक्षेत जपायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतच्या प्रमाणपत्रात तिचे हॅश मूल्यही द्यावे लागते. नोंद साठवतानाच हॅश काढून ठेवणे त्यामुळे सोयीचे.

आता एक अगदी सामान्य चूक. सर्व्हर यूपीएसवर असतो, पण भिंतीवरचा स्विच आणि राउटर साध्या प्लगवर. वीज गेली की सर्व्हर वीस मिनिटे जिवंत राहतो, यूपीएसकडून सूचना घेऊन नीट बंदही होतो, पण त्या वीस मिनिटांतील एकही नोंद बाहेर पडत नाही, कारण वाटच पहिल्या सेकंदाला बंद झालेली असते. स्विचला लागणारी वीज नगण्य असते. त्यालाही त्याच यूपीएसवर घ्यावे.

अंतराचा विचारही करायला हवा. पेणमधील कार्यालयाच्या नोंदी रोह्याच्या शाखेत आणि रोह्याच्या पेणमध्ये ठेवल्या, तर आग, चोरी किंवा एका इमारतीतील पाणी यांपासून बचाव होतो. ‘निसर्ग’सारखे वादळ मात्र दोन्ही गावे एकाच दुपारी अंधारात लोटते. त्यासाठी तिसरी प्रत घाटापलीकडे किंवा मोठ्या डेटा सेंटरमध्ये हवी. सार्वजनिक इंटरनेटवरून ती पाठवायची तर टीएलएसचे कुलूप अनिवार्य, कारण लॉगमध्ये वापरकर्त्यांची नावे आणि अंतर्गत पत्ते उघडे असतात.

चाचणी

ही सारी व्यवस्था लागू पडते की नाही हे तपासण्याची रीत सोपी आहे. प्रत्यक्ष कामाचा नसलेला, पण तशाच मांडणीचा एक सर्व्हर घ्यावा. दर सेकंदाला चढत्या क्रमांकाचा एक संदेश लॉगमध्ये लिहिणारा छोटा कार्यक्रम त्यावर, यंत्र सुरू होताच चालू होईल असा, लावावा. मग तो सर्व्हर एकदा रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा, एकदा थेट प्लग ओढून पाहावे, आणि एकदा लॉग सर्व्हर तासभर बंद ठेवून पाहावा. प्रत्येक वेळी दूरच्या प्रतीतील क्रमांक स्थानिक प्रतीशी जुळवावेत. रीतसर बंद केल्यावर एकही क्रमांक गळता कामा नये. गळत असेल तर सेवांचा क्रम किंवा रांगेची मांडणी चुकली आहे. प्लग ओढल्यावर स्थानिक प्रतीतून शेवटचे काही क्रमांक नाहीसे होतील, पण त्यांतील बरेचसे दूरच्या प्रतीत सापडायला हवेत. लॉग सर्व्हर परत आल्यावर तासाभराचे सर्व क्रमांक, थोडे उशिरा का होईना, हजर झाले पाहिजेत.

जुन्या सिसलॉगमध्ये काही घडत नसले तरी दर वीस मिनिटांनी ‘मार्क’ अशी एक कोरी ओळ लिहिली जाई. नव्या मांडण्यांत ती बहुधा बंद असते. ती पुन्हा चालू करून, ठरल्या वेळी ओळ न आल्यास इशारा देण्याचे काम लॉग सर्व्हरवर सोपवले, तर रात्री अडीच वाजता रोह्यातील यंत्र गप्प झाल्याचे पेणमध्ये तीनच्या आत कळते.